चिराईचं पातं

धामणगाव रेल्वे
शुक्रवार, २४ नोव्हेंबर २००६

प्रिय गोवर्धन,

तुला शेवटचं पत्र कधी लिहिलं ते आठवत नाही. आता फोन आहे. पण फोनवर तू 'बरा हावो' म्हणतोस, मीही तेच म्हणतो, मग दोघं थोडं पावसापाण्याचं बोलतो आणि ठेवून देतो. आज जे सांगायचं आहे ते फोनवर माझ्याच्यानं होणार नाही. जुम्म्याची नमाज पढून आलो. चार वाजेपर्यंत वीज नाही, मशीन बंद आहे, कारागीर जेवायला गेलेत. कामाच्या ओट्यावरचा भुसा झाडून तिथंच लिहायला बसलो आहे. हे तिसरं पत्र. पहिली दोन फाडली. आपल्या शाळेत आपटे मास्तर माझं अक्षर सगळ्या वर्गाला दाखवायचे, ते अक्षर आता राहिलं नाही. सांभाळून वाच.

इकडचं काय सांगू. यंदा माझ्याकडं टालावरून लाकूड कमी येतं आणि बैलगाड्या जास्त येतात. लोक बैल विकतात, गाडी अंगणात नुसतीच उभी राहते, आणि एक दिवस ट्रॅक्टरवर टाकून ती माझ्या दारात आणतात. याच्यातून दोन चौकटी निघतात का, एखादी खाट निघते का, असं विचारतात. दिवाळीआधी तिवश्याकडचे शेषराव आले होते. त्यांची बाभळीची गाडी आपण दोघांनी केली होती, नव्वद साली. तिच्या जुवासाठी तू सहा लाकडं पाहून नापसंत केली होतीस आणि त्यांचे वडील चिडले होते, ते तुला आठवत असेल. शेषराव ती मोडताना पूर्ण वेळ उभे राहिले. स्टूल दिलं तरी बसले नाहीत. जाताना एवढंच बोलले, "बाभूय चांगली हाये मिस्त्री, वाया नोका जाऊ देऊ." पूर्वी लग्नसराईच्या आधी दिवाण, कपाटं यांच्या कामातून दम घ्यायला फुरसत नसायची. यंदा तीन घरांनी लग्नं पुढं ढकलली. काम कमी झालं तर माणसाला विसावा मिळावा ना, पण मी आधीपेक्षा जास्त थकलो आहे. सकाळी दुकानाचं शटर वर करतानाच दिवस संपल्यासारखा वाटतो.

खुर्शीदबीचे गुडघे दुखतात. लेक इफ्फत अमरावतीला राजापेठेत एका शिकवणी वर्गात गणित शिकवते, तिथंच मैत्रिणींसोबत खोली घेऊन राहते. गेल्या महिन्यात तिला भेटायला गेलो आणि जाता जाता तिथल्या एका हार्डवेअरच्या दुकानात शिरलो. माझं आडव्या कापाचं पातं झिजलं होतं, ते घ्यायचं होतं. दुकानावरच्या परवेज नावाच्या तरण्या माणसानं ते न दाखवता दुसरंच एक पातं पुढं केलं. तू असलं पाहिलं नसशील म्हणून सांगतो. आपल्याकडं दोन पाती असायची. एक चिराईचं, मोजके मोठे दात आणि मध्ये खोल खाचा, लाकूड नसेसोबत उभं चिरायला. दुसरं बारीक दाट दातांचं, नस आडवी कापायला. या नव्या पात्यात दोन्ही आहेत. चार दात आडव्या कापाचे, मग एक चपटा दात, मग एक खोल खाच, परत चार दात, असं गोल. परवेज म्हणाला, "चाचा, हे एकच बसवून ठेवा. उभं चिरा, आडवं कापा. पातं बदलायची झंझटच नाही." मी ते हातात घेतलं, परत ठेवलं, बाहेर आलो आणि शेजारच्या दुकानाच्या पायरीवर बसलो. इफ्फतला वाटलं साखर कमी झाली. ती धावत जाऊन पाणी घेऊन आली. मी म्हटलं ऊन लागलं. ऊन काही नव्हतं, आभाळ भरलेलं होतं.

पातं घेतलं मी नंतर. आठ दिवस वापरलं. काम बरं करतं. लांब फळी चिरायला चिराईच्या पात्याइतकं चालत नाही, थोडं हळू सरकतं, पण अडत नाही. तरी फळी टाकायच्या आधी दर वेळी मी मशीन थांबवून पात्याचे दात पाहतो. का, ते या आठवड्यापर्यंत मी कोणाला सांगितलेलं नव्हतं.

गोवर्धन, अठ्ठ्याण्णव सालचा फेब्रुवारी. मंगळवार होता. शेठच्या टालावर आपण दोघंच कटरवर होतो, सहदेव बाहेर फळ्या रचत होता. सकाळी मी चौकटीचे तुकडे आडवे कापले, म्हणून मशीनवर बारीक दातांचं पातं होतं. मग गिऱ्हाइकाचा ट्रॅक्टर फाटकावर येऊन उभा राहिला आणि शेठ ओरडले की सागाच्या फळ्या चिरून लगेच द्या. पातं बदलायला पाहिजे होतं. नट गच्च बसला होता आणि पाना मागच्या खोलीत होता. मला आळस आला. याहून मोठं कारण शोधायचा मी आठ वर्षं प्रयत्न केला, सापडलं नाही. मला वाटलं, चारच फळ्या आहेत, निघतील. मी मशीन चालू केली. तू बाहेरून फळी घेऊन आलास. फिरणाऱ्या पात्याचे दात कोणालाच दिसत नाहीत. तू नेहमीसारखं विचारलंस, "गफ्फार, पातं बदललं काय?" मी म्हटलं, "हो, बदललं. टाक तू."

ते बदललेलं नव्हतं.

पुढचं तुला माहीत आहे, फक्त ते तसं का झालं ते माहीत नाही. साग थोडा ओला होता. बारीक दातांच्या खाचा भुशानं भरल्या, पातं तापलं, फळी पुढं सरकेना. तुला वाटलं लाकूड ओलं आहे म्हणून अडलं. चिराईचं पातं असतं तर तेवढा जोर लागलाच नसता. तू जोर लावलास. पात्यानं फळी दाबून धरली आणि एकदम मागं फेकली, आणि तुझा उजवा हात रिकाम्या जागी पुढं गेला. दोन बोटं. मी माझा दुपट्टा तुझ्या हाताला गुंडाळला. सहदेवनं जीप आणली. त्यानं मला म्हटलं चला, मी म्हटलं, तू घेऊन निघ, मी मशीन बंद करून मागून येतो.

मशीन तर बंदच होती. तुमची जीप फाटकाबाहेर गेली आणि मी मागच्या खोलीतून पाना आणला. बारीक दातांचं पातं उतरवलं, पुसलं, खिळ्याला टांगलं. चिराईचं पातं चढवलं आणि नट आवळला. पाच मिनिटं लागली. शेठ आले, त्यांनी पात्याकडं पाहिलं, म्हणाले, "पातं तर बरोबरच हाये. मंग त्यानं येवढा जोर कावून लावला? ध्यान नसन त्याचं." मी मान हलवली. हो म्हणून.

अमरावतीच्या दवाखान्यात मी संध्याकाळी पोचलो. खरं सांगतो, मी सांगायच्याच विचारानं आलो होतो. तू शुद्धीवर होतास. आणि मी तोंड उघडायच्या आधीच तू सगळ्यांना सांगत होतास, "गफ्फारनं पातं बदललं होतं. मी इच्यारलं होतं त्याले. त्याचा काही दोष नाही, माहंच चुकलं." जाईबाई रडत रडत म्हणाली, तुमचं ध्यान तरी कुठी होतं. तू डोळे मिटून विचार करत राहिलास, आणि तुझ्या मनानं एक कारण शोधून काढलं. सकाळी तुमचं दोघांचं भांडण झालं होतं, घराच्या टिनांवरून, तेच डोक्यात असेल, असं तू म्हणालास. जाईबाई उठून व्हरांड्यात गेली आणि भिंतीकडं तोंड करून बसली. मी तिच्या बाजूनं गेलो, गोवर्धन. तिच्या इतक्या जवळून गेलो की तिच्या पदराला माझा पाय लागला. तेव्हाही सांगता आलं असतं.

शेठनं तुला काढलं. मशीनवर बेध्यान माणूस नको, असं त्यांनी सगळ्या टालावर सांगितलं, आणि गावातल्या कोण्या दुकानानं तुला मग उभं केलं नाही. तू कोणावर चिडला नाहीस. अकोल्याला जिनिंगच्या फाटकावर काम मिळालं तेव्हा तू माझ्याच घरी जेवून गेलास आणि तुझी सगळी हत्यारं मला देऊन गेलास. म्हणालास, आता मी लाकडाला हात लावणार नाही, माझा माझ्यावर भरोसा नाही राहिला. धामणगावात तुझ्याइतका सरळ कापणारा हात दुसरा नव्हता. माझाही नव्हता, हे दोघांना ठाऊक होतं. तुझ्यानंतर शेठनं मला हेडमिस्त्री केलं. मग माझं दुकान झालं. तुझा रंधा मी रोज वापरतो. तो पूजेसारखा जपून ठेवला असता तर लिहायला बरं वाटलं असतं, पण मी तो वापरतो, फार चांगला रंधा आहे.

बुधवारी खुर्शीदबीला सांगितलं. ती मेथी निवडत होती. तिनं आधी सगळी जुडी निवडून संपवली. मग म्हणाली, "मुझे बोलके क्या फायदा? जिसका हाथ था उसको बोलो." तेव्हापासून ती माझ्यासमोर ताट ठेवते आणि आत निघून जाते. काल शेठकडं गेलो. ते आता अंथरुणावरच असतात. वाटलं, त्यांनी तुझ्यावर जो ठपका ठेवला तो त्यांच्याच तोंडून पुसला जावा. सगळं सांगितलं, पात्याचं, पान्याचं, पाच मिनिटांचं. ते नीट ऐकत होते. मग त्यांनी मला विचारलं, "कोन गोवर्धन?" मी दोनदा आठवण करून दिली. त्यांना खरंच आठवलं नाही. तुझं सगळं आयुष्य ज्या एका वाक्यानं वाकडं झालं, ते बोलणाऱ्याच्या लक्षातही नाही. मग ते फक्त माझ्या एकट्याजवळ उरलं आहे, आणि तुझ्याजवळ.

आता हे आजच का लिहितो ते सांगतो. मंगळवारी तुझा स्वप्निल आला होता. तुला माहीत नसेल, त्यानं तुला न सांगता यायचं ठरवलं होतं. मुलीसाठी पाळणा पाहिजे म्हणाला. नाव उत्पला ठेवलं, विहारात सगळे जमले होते, असं सगळं आनंदानं सांगत होता. मी विचारलं, आजोबा तर खाली ठेवत नसतील तिला. तो माप लिहिता लिहिता थांबला. म्हणाला, "काका, बाबानं तिले अजून घेतलंच नाही. तीन महिने झाले. दुरून पायतात, आवाज देतात, पन घ्या म्हटलं का मांगं सरकतात. म्हनतात, माह्या हाताचा भरोसा नाही, एकदा धोका देल्ला त्यानं. अन् आईले वाटते का हे सारं तिच्याच भांडनापाई झालं, आई सकाळच्या पारी तोंडातून शबूद काढत नाही, कधीपासून." तो निघून गेला आणि मी तिथंच, ज्या ओट्यावर आता लिहितो आहे त्यावर, दिवे लागेपर्यंत बसून राहिलो. मला माफ कर, असं मी लिहिणार नाही, ते मागायचं तोंड मला नाही. रविवारी सकाळच्या गाडीनं मी अकोल्याला येतो आहे. दारातून परत पाठवलंस तर परत जाईन, पण जायच्या आधी हेच सगळं जाईबाईसमोर आणि स्वप्निलसमोर तोंडानं बोलीन. पत्र त्याआधी पोचावं म्हणून इथल्या ओळखीच्या माणसाच्या हाती उद्याच्या गाडीनं देतो. मिळालं की आधी जाईबाईला वाचून दाखव, तिच्या भांडणाचा याच्याशी काही संबंध नव्हता. मग सूनबाईला म्हण, पोरगी माझ्याकडं दे. मी येईपर्यंत थांबू नकोस. बसून घे हवं तर, पहिल्यांदा सगळेच बसून घेतात. तिचं डोकं उजव्या हातावर घे, गोवर्धन. तो हात चुकला नव्हता.

तू ठेवशील तर तुझाच,
गफ्फार