डिसेंबरच्या पौर्णिमेला मी जे बोलले

सिन्नर
२० जानेवारी २०२५

ती. रत्नमालाताईस,
सविनय जयभीम वि. वि.

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळे धडधाकट आहेत. फोनवर बोलायची सोय नाही म्हणून अंगणवाडीतच बसून लिहिते आहे. पोरं खिचडी खाऊन गेली, मदतनीस भांडी घासतेय. आमच्या दोन खोल्यांत चैतालीच्या कानावर न पडता काही बोलता येतं का, तूच सांग.

ताई, चैतालीचं जमलेलं मोडलं. शनिवारी राकेशचे वडील आले, चहाला हातसुद्धा लावला नाही. मुलीला डोक्याच्या गोळ्या चालू होत्या, हे आम्ही लपवलं म्हणाले. कुणी सांगितलं ते सांगेनात; नाशिकला बायकांत बोलणं चाललंय एवढंच. मार्चमधलं लग्न, पत्रिकेचा मजकूरसुद्धा लिहून झाला होता गं! बारावीनंतरचं ते वर्ष माझ्या लेकीनं कसं काढलं ते आपल्यालाच ठाऊक. चार महिने खोलीबाहेर आली नाही, वर्षभर गोळ्या. त्याला आता सात वर्षं झाली. एमआयडीसीत नोकरी करते, स्कूटीवर जाते-येते, मलाच दटावते. आणि लपवायचं कुठे होतं? ती स्वतःच राकेशला सांगणार होती. त्याआधी कुणीतरी तोंड घातलं.

आमच्या घराबाहेर हे दोघींनाच ठाऊक, तुला आणि माझ्या थोरल्या जावेला, मालनबाईंना. तुझ्यावर संशय घ्यायचा तर मग मी माझ्यावरच घेईन. राहिलं कोण? मी तशीच त्यांच्या दारात गेले आणि बोलू नये ते बोलले. चहाडखोर म्हटलं, वांझोट्या मनाची म्हटलं, माझ्या लेकीच्या संसाराला नख लावलंत म्हटलं. पुन्हा माझा उंबरा चढू नका म्हणून आले. बाईनं एक शब्द काढला नाही. खाली मान घालून मेथी निवडत राहिली. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

चैताली त्यांना मोठी आई म्हणते ना, म्हणून माझ्यावरच फुगली आहे. तू ये गं. तुझ्याशिवाय कुणापुढे रडू?

लोभ आहेच, तो असाच राहू दे.
तुझी,
विशाखा


जेल रोड, नाशिक
२४ जानेवारी २०२५

ती. गयाताई यांस,
सविनय जयभीम वि. वि.

तुम्ही वणीला लेकाकडे राहायला गेलात, त्यानंतर आपल्या महिला मंडळाला अध्यक्षा मिळाली, पण कान धरणारी कुणी उरली नाही. तुम्ही लावलेली शिस्त अजून आहे. दर पौर्णिमेला वंदना, मग महिन्याचा कार्यक्रम. या महिन्यात सगळ्या सायखेड्याला हुरडा खायला गेलो. मी गेले, पण माझं लक्ष हुरड्यात नव्हतं. कॉलनीत कुजबूज कानावर आली होती. परवा बहिणीचं पत्र आलं आणि त्या कुजबुजीचा अर्थ कळला.

डिसेंबरात आपण मनाच्या आजारांवर बोलायला डॉक्टरबाई बोलावल्या होत्या. भाषण झालं आणि त्यांनी बायकांना अनुभव विचारले. एक पदर सावरतेय, एक पोराला थोपटतेय. बाई घड्याळ बघायला लागल्या. मी सचिव, बोलावणारी मी. मंडळाची शोभा होईल म्हणून उभी राहिले आणि चैतालीची सगळी कहाणी सांगितली. नाव घेतलं नाही, भाची म्हटलं. पण मला बहीण एक, तिला लेक एक, आणि हे अख्ख्या कॉलनीला पाठ. तिसऱ्या ओळीत एक नवी सभासद बसली होती. ती राकेशची आत्या निघाली. राकेश म्हणजे चैतालीचा ठरलेला नवरा. लग्न मोडलं हो, गयाताई.

टाळ्या खूप पडल्या. खोटं कशाला सांगू, मला त्या आवडल्या.

आता विशाखा मालनबाईंना, तिच्या जावेला, दोष देते आहे. तिचं पत्र मी गव्हाच्या डब्यात लपवलंय. खरं सांगितलं तर बहीण जाईल. गप्प बसले तर दोन महिन्यांत सगळं निवेल. जावा-जावांची भांडणं काय, होतात आणि मिटतात. जे मोडलं ते तर जुळणार नाही, मग दुसरं कशाला मोडा? गप्प बसलेलं बरं, असं तुम्ही एकदा कळवा.

माया असू द्यावी.
आपली,
रत्नमाला


वणी
२९ जानेवारी २०२५

चि. रत्नमालास,
गयाताईचे अनेक आशीर्वाद.

पोरी, तुझं पत्र मिळालं. गुडघे सोडले तर मी बरी हाय. देवीच्या यात्रेकरूंसाठी सुनेनं चहाची टपरी टाकली, तिथं बसून मी हुकूम सोडते. सून म्हणते, मंडळ सुटलं पण अध्यक्षपण सुटलं नाय.

गप बसू का म्हणून विचारतेस. असं विचारणारी बाई आधीच ठरवून बसलेली असते, तिला नुसता दुसऱ्याचा शिक्का पाहिजे असतो. माझा शिक्का मिळायचा नाय.

आता मी एक विचारते. डिसेंबरचा अहवाल माझ्या मोबाइलवर आला, नातीनं वाचून दाखवला. त्यात लिहिलंय की सचिव रत्नमालाताईंनी आजारी भाचीजवळ चार महिने बसून, तिला हातानं भरवून बाहेर काढलं. अहवाल तूच लिहितेस. अगं, त्या साली मी अध्यक्ष होते. हजेरीचं पुस्तक माझ्या हातात असायचं. तू एक पौर्णिमा चुकवली नायस, मधल्या दिवशीही रोज हॉलवर असायचीस. मग सिन्नरला चार महिने बसलीस कधी? ती पोर कुणाच्या हातचं जेवली?

मला लय राग आलाय, पण तो राहू दे बाजूला. उत्तर मला कळवू नको. बहिणीला कळव, आणि पोस्टाची वेळ चुकवू नको.

तुझं बरं व्हावं हीच इच्छा.
गयाबाई


जेल रोड, नाशिक
१ फेब्रुवारी २०२५

चि. विशाखास,
अनेक आशीर्वाद. पण ते घ्यायचे की नाही, पत्र वाचून ठरव.

बोलणारी मी आहे. मालनबाई नव्हे, मी. डिसेंबरच्या पौर्णिमेला, मंडळाच्या भर सभेत, माइकवर. राकेशची आत्या तिथं होती. ती कोण हे मला माहीत नव्हतं, पण माहीत नसलं म्हणून काय झालं? चैतालीचं दुखणं माझं नव्हतंच सांगायला.

तुझं पत्र येऊन दहा दिवस होत आले. त्यात तू लिहिलंस की माझ्यावर संशय घ्यायचा तर तू स्वतःवरच घेशील. ती ओळ वाचून मी पत्राची घडी घातली आणि दुसऱ्या दिवशी तू घराबाहेर जाऊन फोन केलास, तेव्हा तुला सांगितलं, की हल्ली बायकांच्या पोटात काही राहत नाही. तू मालनबाईंना नावं ठेवत होतीस आणि मी हूं हूं करत होते. विशू, तेव्हाच माझी जीभ झडायला हवी होती.

आणखी एक आहे, आणि ते याहून वाईट आहे. मी सभेत सांगितलं की चैतालीला मी बाहेर काढलं. चार महिने जवळ बसले, हातानं भरवलं म्हटलं. खरं तर मी दोनदा आले होते, सफरचंदं घेऊन. तासभर बसले आणि पाचच्या गाडीनं परत फिरले. रोज भाकरी घेऊन येणारी, तिच्या दाराशी बसून राहणारी, तिला पहिल्यांदा बाजारात नेणारी बाई मालनबाई होती. बोलताना जीभ घसरली म्हणेन, पण अहवाल लिहिताना हात कुठे घसरला? तो तर मी दोन दिवसांनी, चहा पीत, नीट अक्षरात लिहिला.

त्यांचं केलेलं माझ्या नावावर घेतलं आणि माझं केलेलं त्यांच्या माथी जाऊ दिलं. एवढं सगळं मी केलं, आणि तू माझ्यापुढे रडायला मला बोलावतेस.

मालनबाईंकडे आजच जा. माझी वाट बघू नकोस.

तुझा लोभ होता. पुढचं तू ठरव.
रत्नमाला


सिन्नर
८ फेब्रुवारी २०२५

मावशी,
जयभीम.

तुझं पत्र आईनं अंगणवाडीत वाचलं. दोन दिवसांनी ते माझ्या हातात दिलं. ती तुला लिहिणार नाही म्हणाली, म्हणून मी लिहितेय.

राकेशनं मला एक फोन करून विचारलं नाही. गेला तर गेला, असं लिहायचं होतं, पण वाईट वाटतं. आजारी होते याची मला लाज नाही. मी माझ्या तोंडानं, माझ्या वेळेला सांगणार होते, काय काय बोलायचं ते मनात ठरवलंही होतं. ते तू माझ्याकडून काढून घेतलंस.

आई पत्र वाचलं त्याच दिवशी मोठ्या आईकडे जाऊन आली होती. काल तिनं मलाही नेलं. आई पुन्हा दारातच रडायला लागली, तर मोठी आई तिला म्हणाली की आधी आत ये, शेजारीण बघतेय. मी विचारलं, एवढं ऐकून घेतलंस, मग तोंड का नाही उघडलंस? ती म्हणाली, मी बोलले नाही, विशाखा बोलली नाही, म्हणजे कोण बोललं ते मला तिथंच कळलं. पण तिच्या लेकीचं लग्न नुकतंच मोडलेलं. बहीणही तुटली असती तर ती रडायला कुणाकडे गेली असती? जावेचं काय, तिच्यावर राग काढला तरी चालतो.

मावशी, मी तुला काय काय सुनवायचं ठरवलं होतं. ते ऐकल्यावर सगळं बाजूला ठेवलं.

बारा तारखेला पौर्णिमा आहे. मी रजा टाकून येतेय. त्याच हॉलमध्ये, त्याच बायकांपुढे तू खरं सांगायचंस. माझं नाव घेऊन आणि मोठ्या आईचं नाव घेऊन. अहवालातही तसंच लिहायचंस. मोठ्या आईला चल म्हटलं, तर म्हणते गव्हाला पाणी द्यायचंय.

लोभाचं नंतर बघू.
चैताली


जेल रोड, नाशिक
१४ फेब्रुवारी २०२५

ती. मालनबाई यांस,
सविनय जयभीम वि. वि.

इतक्या वर्षांत मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. विशाखाच्या फोनमध्ये तुमची खुशाली विचारायची, तीही राहिली तर राहिली.

परवा वंदना झाल्यावर मी उभी राहिले. चैताली पुढेच बसली होती. हीच ती मुलगी, हिचं नाव चैताली, हिला न विचारता मी हिचं दुखणं इथं सांगितलं, असं म्हणाले. हिला हातानं भरवणारी बाई सिन्नरची मालनबाई, मी नव्हे, हेही म्हणाले. राकेशची आत्या जमिनीकडे बघत होती. टाळी पडली नाही. अध्यक्षांनी घसा खाकरला आणि पुढच्या महिन्याच्या सहलीचं काढलं. नंतर एकीनं चैतालीला बाजूला नेऊन डॉक्टरांचा नंबर मागितला. तिच्या सुनेचं काहीतरी आहे. माझ्याकडे कुणी फिरकलं नाही. अहवालातही तसंच लिहिलं आणि सचिवपद सोडलं. मी चैतालीला बसस्टँडवर पोहोचवायला गेले. गाडी कितीची, एवढंच ती बोलली.

विशाखा फोन उचलत नाही. ते मी सोसेन. ती माझी बहीण आहे, तिचा राग माझ्या ओळखीचा आहे. तुमचं गप्प राहणं मात्र मला सोसवत नाही. तुम्हाला पहिल्या दिवशीच कळलं होतं. माझं नाव घेतलं असतं तर त्याच क्षणी सुटला असतात.

रविवारी सकाळच्या गाडीनं मी येते आहे. आधी तुमच्या दारी, विशाखानं बोलावलं तर मग तिच्याकडे. माफी मागेन, पण ती द्याच असं म्हणायला येत नाही. त्या दिवशी विशाखानं तुम्हाला जे जे ऐकवलं, ते सगळं माझ्या वाटणीचं होतं. तुम्ही उगाच घेऊन बसलात. शब्दन् शब्द तुमच्या लक्षात असेल. तो मला ऐकवा. मी दारात उभी राहून शेवटपर्यंत ऐकीन.

लोभ मागत नाही.
रत्नमाला