वाटी कुणाला देऊ नये

मी यादोराव सोमाजी कापगते, वय ६७, राहणार दिघोरी, तालुका लाखांदूर, जिल्हा भंडारा, शेती करणारा आणि तीस वर्षं दर रविवारी कावीळ झाडणारा. डोकं ठिकाणावर आहे. कुणी बळजबरी केलेली नाही. करायला घरात कुणी नाहीच. माझ्यामागे काय करायचं ते लिहून ठेवतो.

१. घर आणि तळ्याखालची दीड एकर धानाची बांधी माझी एकुलती लेक हर्षा, राहणार अड्याळ, हिला. आठ वर्षांत ती या घरी आलेली नाही. तिचं चुकलं नाही.

२. धाकटा भाऊ चंद्रकुमार याला काही नाही. मागच्या महिन्यात दवाखान्यात सोबत चल म्हटलं तर त्याने धानाच्या रोवणीचं कारण सांगितलं. रोवणीला दोन महिने होते.

३. काशाची वाटी कुणालाही देऊ नये, मोडीत घालावी. ती रोग्याच्या डोक्यावर धरून तेल घोटलं की पिवळं पडतं, मग कावीळ उतरली म्हणायचं. आठ वर्षांपूर्वी हर्षाची आई केशर पिवळी पडली तेव्हा मी हेच केलं. ती म्हणायची, "मले नागपूरले न्या जी." मी म्हणायचो, "आखीन एक इतवार पाहू." तिला नेलं ते शेवटच्या आठवड्यात. ती गेल्यावर वाटी बैलाच्या डोक्यावर धरून पाहिली. तेल पिवळंच पडलं. तरी पुढे सात वर्षं लोकांना बसवत राहिलो, कारण रविवारी तेवढीच माणसं घरात येत.

४. माझी दवाखान्याची फाइल हर्षाला. मागच्या वर्षी लिव्हरमध्ये एक सेंटिमीटरची गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, अजून कॅन्सर नाही, पण होऊ शकतो. दर तीन महिन्यांनी सोनोग्राफी करा. मी एकही खेप चुकवली नाही. आता ती दोन सेंटिमीटर आहे आणि कॅन्सर आहे, पण सुरुवातीचा. गुरुवारी सुई घालून जाळणार आहेत. पुन्हा गाठ येऊ शकते, तरी काही वर्षं मिळतील म्हणतात. केशरला जे दिलं नाही ते मी स्वतः घेतलं, याची लाज वाटते.

५. माझ्या रक्तात हिपॅटायटिस बी निघाला, गाठ त्यानेच झाली. केशरच्या जुन्या रिपोर्टातही तोच होता, हे डॉक्टरांनी आता वाचून सांगितलं. तो बाळंतपणात आईकडून लेकराला जातो. म्हणून अट: हर्षाने स्वतःचं आणि नात राखीचं रक्त तपासून कागद इथल्या शाळेच्या कृष्णराव गुरुजींना दाखवावा, मगच घर-बांधी तिच्या नावे व्हावी. तपासायला माझ्या मरणाची वाट पाहू नये. ही प्रत उद्याच पोस्टाने तिला पाठवतो.

६. दवाखान्याच्या फॉर्मवर सोबतचा नातेवाईक म्हणून मी हर्षाचं नाव लिहिलं आहे. तिला विचारलेलं नाही. ती आली नाही तरी वरच्या वाटणीत फरक नाही.

सही: यादोराव सोमाजी कापगते
साक्षीदार: १. कृष्णराव गुरुजी (सही) २. धनीराम (डाव्या हाताचा अंगठा)
मुक्काम दिघोरी, रविवार, १ जून २०२५

ता. क. धनीराम आज कावीळ झाडून घ्यायला आला होता. उद्या त्याला भंडाऱ्याला दवाखान्यात न्यायचं आहे. सोबत मी जात आहे.