चंचलबेनच्या टाकीतला समुद्र

ती. धुडकूमामांना सुरतच्या गोडादऱ्याहून श्रीरंगचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. मामींचे गुडघे कसे आहेत? म्हैस व्याली का? दिवाळीपासून पत्र उद्यावर ढकलतोय, कबूल. (फोन केला असता, पण फोनवर तुम्ही मध्येच ओरडता.) आज मात्र लिहितोच, कारण तुमच्या भाच्याला भर गल्लीत चोर म्हटलंय!

झालं असं. डुमसच्या किनाऱ्यावर गेलो होतो (तिथली टोमॅटोची भजी मामींना एकदा खाऊ घालायचीच, आत हिरवी चटणी असते... असो), तर वाळूत भोपळ्याएवढा पांढरा गोळा. बेवारस. पाण्यातली वस्तू कोरडी पडली तर खराब होणार, म्हणून मी आपला माणुसकीने तो घरमालकीण चंचलबेनच्या गच्चीवरच्या टाकीत सोडला. यात चोरी कुठे आली?

पण गोळा महा चुगलखोर! समुद्रात एकट्याने तरंगायचं, आपण कुठे आहोत, पाणी किती गरम आहे ते वर उपग्रहाला सांगायचं, उपग्रहाने ते खाली ऑफिसात कळवायचं, हे त्याचं काम. टाकीतही पठ्ठ्या इमानदारीने करत राहिला. काल जीप घेऊन ऑफिसच्या हर्षदा मॅडम हजर.

"समुद्र गोडादऱ्यात आला कसा? आणि दुपारी एवढा तापतो कसा? आमचे साहेब डोकं धरून बसलेत!"

"टाकी काळी आहे ना मॅडम," मी म्हणालो. सरळ उत्तर दिलं, तर त्या जास्तच तापल्या. टाकी उघडली, तर आत गोळा नाही. "कुठेय?" "माझ्याकडे नाही." यात एक अक्षर खोटं नाही, मामा, तरी मी चोर!

वर चंचलबेन गरजल्या, "तारा घरना कोई वडीलने लाव, नहीं तो रूम खाली कर!" म्हणजे घरचं वडीलधारं माणूस आणून दाखवायचं, नाहीतर रविवारी माझी वळकटी रस्त्यावर. तेव्हा कृपा करून या आणि पोरगा सरळ आहे एवढं सांगा.

आपला,
श्रीरंग

ता. क. परवा आपल्या गावच्या लखनच्या हाती तुमच्याकडे साड्यांच्या कटपीसची गोणी पाठवली, तिच्या तळाशी तो गोळा आहे. टाकी धुवायची निघाली होती, काय करणार? म्हशीच्या हौदात सोडू नका. उपग्रहाला तुमचं गावही दिसतं, हे मला काल कळलं.

आणखी ता. क. खाली जीप थांबली. मॅडमच्या शेजारी तुम्हीच आहात, मामा, मांडीवर गोळा घेऊन! चंचलबेन तुमच्यासाठी खुर्ची आणतायत. पत्र हातातच देतो. पाया पडतो, आधी खोलीचं बोला, चप्पल नंतर उगारा.