काजूच्या शेडमधला माझा हिस्सा

मी, सखू आत्माराम पाष्टे, वय एकाहत्तर, राहणार देवरुख, तालुका संगमेश्वर, स्वखुशीने व पूर्ण शुद्धीत ही माझी शेवटची इच्छा नोंदवते. मी सांगते तसा मजकूर मुलगा संदेश लिहून घेत आहे. सही मात्र माझीच.

१. राहते घर, परसातील काजूची झाडे व बँकेतील शिल्लक संदेशला द्यावी. झाडे त्याच्या वडिलांनी लावली. पहिला मोहोर आला तेव्हा ते मुंबईहून तेवढा बघायला आले होते. झाडे तोडू नयेत.

२. काजू फोडायची शेड माझी जुनी सोबतीण मासूमा हिची व माझी निम्मीनिम्मी आहे. माझा निम्मा हिस्सा यंत्रांसह मासूमाला द्यावा. कारण सांगणे भाग आहे.

आम्ही दोघी रत्नागिरीच्या एका कारखान्यात काजू सोलायचो. राख चोळली तरी टरफलातल्या तेलाने बोटे काळी पडत. कायद्याने ठरलेली मजुरीही मिळेना, म्हणून संप केला. तेव्हा संघटनेचे बाबू गोताड फणसाखाली बसून समजावत: किमान वेतन म्हणजे माणूस उद्या पुन्हा कामाला उभा राहील इतके. वाजवी वेतन त्याच्या वर, धंद्याला झेपेल तसे. आणि जीवन वेतन म्हणजे घर, शाळा, औषध, म्हातारपण, सगळे धरून.

मासूमाने विचारले, "आनि ईदचा नवा कपडा?"

"तोही."

"आनि शिमग्याला म्हायेरी जायचा खर्च?" मी विचारले.

"तोही त्यातच, वहिनी."

सगळ्या बायका केवढ्या हसल्या! ते हसणे अजून कानात आहे.

संपात किमान वेतन मिळाले. पुढे कारखानाच बंद पडला, तेव्हा आम्ही शेड घातली. सुरुवातीला आम्हालाही किमानच देता आले, मग वाजवी. करोनानंतरच्या एका चांगल्या हंगामात जीवन वेतनापर्यंत पोचलो. त्या शिमग्याला आमच्या शेडमध्ये कामाला असलेली हौसा लग्नानंतर पहिल्यांदा आईसाठी लुगडे घेऊन माहेरी गेली. ती वळणाआड होईपर्यंत आम्ही दोघी दारात उभ्या होतो.

संदेश म्हणाला होता, "आई, कायदा किमानच मागतो. शेड ठेकेदाराला दे." त्यावरून अख्खा हंगाम आम्ही बोललो नाही. राग मनात ठेवून जात नाही. पण शेड त्याच्या हाती देत नाही.

३. मी जाईन त्या दिवशी शेड बंद ठेवावी. बायकांचा रोज कापू नये.

इथे संदेश लिहायचा थांबला. "आई, बाराव्यालापण बंद ठेवूया ना?"

"ठेव."

"त्या दिवसाचा रोज माझ्याकडून. लिहू?"

लिही, म्हटले.

स्थळ: देवरुख
दिनांक: ३ मार्च २०२५
सही: सखू आत्माराम पाष्टे

आम्हा दोघांसमक्ष वाचून दाखवले, आमच्यादेखत सही झाली:
१. दर्शना शितप, शेजारी
२. मुसा काझी, निवृत्त शिक्षक