पाण्याखालच्या विहिरी

प्रिय रेश्मा,

मोबाईलला रेंज नाही म्हणून कागदावर लिहितेय. घाईत लिहितेय, अक्षराला हसू नकोस. इथे शेवगावजवळच्या शाळेत आम्ही सगळे सुखरूप आहोत. पण तू, हर्षलभाऊजी आणि बाळ नदीपलीकडे वस्तीवर, आणि पुराचं पाणी उतरायचं नाव घेत नाही. वरच्या धरणातून आणखी पाणी सोडणार म्हणतात.

ओली बाळंतीण परक्यांत कशी राहणार, म्हणून तू आली नाहीस. खरं सांगू, आल्या आल्या मलाही इथे परकंच वाटलं. छावणीवाले विचारपूस करायचे आणि आम्ही तोंड मिटून बसायचो. काही बोललो तर बाहेर काढतील, ही धास्ती. त्यापायी आपले मामंजी, या वयात, शाळेच्या भिंतीवरून उतरून पाण्यातून घरच्या गोठ्यात म्हशीकडे जातात हेही कुणी सांगितलं नाही. काल ते परतलेच नाहीत. शेवटी छावणी सांभाळणाऱ्या जरीनाआपांना मी सगळं सांगून टाकलं. त्यांचे भाऊ महमूदभाई होडी घेऊन निघाले. मामंजी गोठ्याच्या पत्र्यावर बसलेले, खाली म्हैस गळ्याइतक्या पाण्यात, दाव्याची गाठ भिजून आवळलेली. “बांधल्याली हाय ती, मी कसा येऊ?” एवढंच म्हणाले. महमूदभाईंनी दावं कापलं, म्हैस पोहत निघाली, तेव्हा कुठे मामंजी होडीत बसले.

येताना होडी पाण्याखाली गेलेल्या विहिरीच्या कठड्याला धडकली, उलटता उलटता राहिली. आपल्या विहिरी कुठे, हे महमूदभाईंना काय ठाऊक? आम्ही एवढं लपवलं, तरी जरीनाआपा रागावल्या नाहीत गं. तुम्हीच सांगा, काय करू या, म्हणाल्या. आता जनावरं शाळेच्या मैदानात आहेत, चूल आम्हा बायकांकडे आहे, आणि होडीत वाट दाखवायला आपलं माणूस असतं. तुझ्यासाठी मी मुख्याध्यापकांची खोली मागून घेतलीय. आतून कडी आहे, शेगडी आहे, लंगोट वाळवायला दोरी बांधलीय.

हे पत्र तुला मिळेल तेव्हा होडी दारात असेल. तिच्यात मामंजी असतील. कालपासून पाण्याकडे बघवत नाही त्यांना, तरी तेच निघालेत, कारण वस्तीकडच्या विहिरी त्यांनाच माहीत. दुसरी फेरी होईल की नाही, कुणी सांगत नाही. आवरत बसू नकोस, बाळाला पोटाशी धर आणि बस. भाऊजींनाही सांग, तुम्ही आला नाहीत तर मामंजीही तिथून हलणार नाहीत, तसं मला बजावलंय त्यांनी. मग मी इथे कुणाची वाट बघू?

तुझीच जाऊ,
अश्विनी