शिकलेली म्हातारी

प्रिय शुभंकर,

पत्र बघून हसशील. वारज्याहून हडपसरला मेसेज दोन सेकंदांत पोचतो, आणि ही बाई पाकीट चिकटवत बसलीय. पण फोन केला असता तर तू मध्येच 'असू दे गं' म्हणाला असतास आणि मी तेवढ्यावर सुटले असते. मला काकूंच्या आवाजाबद्दल लिहायचंय. शेवटपर्यंत वाच, मग काय शिव्या द्यायच्या त्या दे.

गेम डिझाइनच्या शेवटच्या वर्षाचं आपलं प्रोजेक्ट. हरवलेली शेळी शोधत फिरणारी मुलगी आणि तिला वाट सांगणारी म्हातारी. कोड तुझा, चित्रं आणि आवाजाचं काम माझं. म्हातारीसाठी आपण तुझ्या आईला बसवलं. स्टुडिओ कुठला परवडायला, तुमच्या कपाटापुढे गोधड्या टांगल्या, पंखा बंद केला, आणि मंडईतला भाजीचा गाळा सोडून आलेल्या काकू घामाघूम होऊन बेचाळीस वाक्यं बोलल्या. 'सरळ जा, वढ्यापल्याड वाट हाय' असं माइकला सांगताना हातानं दिशासुद्धा दाखवत होत्या. मध्येच थांबून त्यांनी मला विचारलं, की ही पोर सकाळपासून हिंडतेय, तिला कुणी खायला देतं का नाही. मग ते आपण खेळातच घातलं: म्हातारी भाकरी देते, पोर खाते, तेव्हाच पुढची वाट उघडते. त्या अख्ख्या गेममधली सगळ्यात चांगली कल्पना तीच होती, आणि ती आपल्या दोघांपैकी कुणाचीच नव्हती.

मग बाहेरच्या कंपनीतून प्रोजेक्ट बघायला येणारे विश्वजीत सर मला म्हणाले की खेळ छान आहे, पण हे हाय-न्हाय कानाला खुपतं, नोकरी देणाऱ्यांना हौशी वाटेल. माझ्या पुणेरी कानांना ते लगेच पटलं, खोटं कशाला बोलू. तुला न विचारता एका दुपारी ती सगळी वाक्यं मी माझ्या आवाजात बोलून टाकली. 'आहे', 'नाही', ण आणि ळ अगदी स्वच्छ. तुझ्या कोडला हात लावावा लागू नये म्हणून फाइलींना जुनीच नावं दिली. नाव तेच दिलं की जुनी फाइल पुसून नवी बसते, हे पहिल्या वर्षाच्या पोरांनाही माहीत असतं. मलाही होतं. म्हटलं, त्यात काय, काकू हडपसरलाच तर आहेत, लागलं तर पुन्हा बसवू. गोधड्यांपुढची मूळ रेकॉर्डिंगं लॅपटॉप भरला म्हणून आधीच उडवली होती. तू चिडलास तेव्हा मात्र सांगितलं, जुनं सगळं जपून ठेवलंय.

प्रदर्शनाच्या दिवशी काकू ठेवणीतली इरकल नेसून आल्या. हेडफोन लावून ऐकलं, माझ्याकडे बघून हसल्या आणि म्हणाल्या, "शिकलेली झाली की म्हातारी." मी मठ्ठ, मला ती शाबासकी वाटली. त्याच गेमवर मला सरांच्या कंपनीत घेतलं. तुला 'कळवू' म्हणाले. तू आता आयटी पार्कात लोकांच्या ॲपमधल्या चुका शोधतोस, आणि मी, मोठी गेम डिझायनर, दिवसभर यंत्राकडून माणसांचे आवाज बनवून घेते. एक चित्र काढून वर्ष झालं.

काकू गेल्यावर तेराव्याला तू ते आवाज मागितलेस. मोबाइल समोर धरला की त्या तोंडावर पदर घ्यायच्या, त्यामुळे घरात त्यांचं बोलणं कुठेच नाही, म्हणालास. मी म्हटलं, आहेत, शोधून पाठवते. अडीच महिने शोधायचं नाटक केलं. मग पाठवले. तू कळवलंस की बायकोमागे खाणं तोडलेले तात्या रोज सकाळी चहाआधी ते लावतात, आता दोन घास जास्त खायला लागलेत. ते वाचून मी बाथरूममध्ये जाऊन रडले आणि बाहेर येऊन तुला मेसेजवर लाल बदाम पाठवला. त्या बदामाची मला फार लाज वाटते.

परवा तुझा मेसेज आला. काकूंची बहीण, सोजरमावशी, यवतहून आल्या होत्या. तात्यांनी कौतुकानं आवाज लावला. ऐकून मावशी म्हणाल्या, "आवाज मालनचाच हाय, पर ही मालन न्हाय." तात्या ताटावरून उठले. तू मावशींना म्हणालास की तुमचं डोकं फिरलंय, पुन्हा येऊ नका. त्या न जेवता एसटीनं परत गेल्या. शुभंकर, मावशी खरं बोलल्या. मी पाठवलेली ती वाक्यं काकूंच्या तोंडची नाहीतच. माझ्या जुन्या मोबाइलवर त्या दिवसाचा एक व्हिडिओ सापडला, त्यात मागून काकू बोलताना ऐकू येतात, जेमतेम अकरा सेकंद. ते मी कंपनीच्या यंत्राला दिले आणि बाकीचं त्याच्याकडून वदवून घेतलं. त्यातला एकेक 'हाय' मी टाइप केलाय. खरे आवाज माझ्याच हातानं पुसले गेले, ते आता कुठेही नाहीत. पाकिटात पेनड्राइव्ह आहे, त्यात ते अकरा सेकंद आहेत. तात्यांना सांगायचं का, कसं सांगायचं, ते तू ठरव. पण त्याआधी यवतला जा. मावशींची माफी माग, त्यांना घरी घेऊन ये, आणि हे कुणी केलं ते माझं नाव घेऊन सांग.

तुझीच म्हणवत नाही,
पूर्वा