दोन मोटरसायकली, एक पावाची व्हॅन आणि आपले बंधुराज

तीर्थस्वरूप आत्यांना,

जावयाचा (म्हणजे तुमच्या भाचीच्या नवऱ्याचा, बेकरीवाल्याचा) शिरसाष्टांग नमस्कार. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत, तुमची खुशाली कळवावी. गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी जिना चढू नका असं सांगितल्यावर तुम्ही जिना न बदलता डॉक्टर बदललेत, असं कळलं. नवे डॉक्टर कितव्या मजल्यावर बसतात, तेवढं लिहा. माझं मागचं पत्र तुम्ही शुद्धलेखनाच्या चुका लाल पेनने दुरुस्त करून परत पाठवलंत, त्याबद्दल आभारी आहे. (मुख्याध्यापिका निवृत्त होते, तिचं लाल पेन होत नाही, असं तुमची भाची म्हणते. मी असं काही म्हणत नाही.) या खेपेला मजकूर लांबणार आहे, तेव्हा चुकाही त्याच मानाने धरून चाला.

विनंती विशेष अशी, की परवा तुम्ही फोनवर भाचीला विचारलंत, "माझ्या भावाला तुम्ही लोकांनी व्हॅनमध्ये बांधून ठेवलं होतं म्हणे?" ती 'तसं नाही हो आत्या' म्हणाली आणि हसायला लागली, आणि तुम्ही फोन ठेवून दिलात. तर आत्या, बांधलं होतं हे खरं आहे. आणि बांधणारा मीच होतो. पण हे एवढंच सांगितलं तर माझ्याबद्दल गैरसमज व्हायचा, म्हणून आधीपासून सांगतो.

तुम्हाला माहीत आहेच, चष्म्यांचं दुकान बंद केल्यापासून आपल्या बंधुराजांचा (म्हणजे माझ्या सासऱ्यांचा) मुक्काम मागच्या शेडमध्ये असतो. तिथे त्यांची ती जुनी मोटरसायकल. सासूबाई गेल्यावर तर घरात बोलणंच संपलं, जे काय बोलायचे ते मोटरसायकलशी. जेवायला हाक मारली की "आलो" म्हणायचे आणि यायचे नाहीत. आम्हीही मग ताट शेडमध्ये नेऊन ठेवायला लागलो. अशात त्यांना कुठून तरी कळलं, की डोंगरापलीकडच्या तळ्याकाठी जुन्या मोटरसायकलींचा मेळावा आहे. त्या दिवशी ते आपणहून जेवायला आले, दुसऱ्यांदा भाजी घेतली आणि म्हणाले, मी जाणार. तुमच्या भाचीने साफ नाही म्हणून सांगितलं. त्या मोटरसायकलला ब्रेक लागतात, नाही असं नाही, पण ते आधी विचार करतात आणि मग लागतात. डोंगराच्या उतारावर एवढा विचार करायला वेळ नसतो. बंधुराज रुसले. मग त्यांची नजर माझ्याकडे वळली, आणि माझ्यावरून खिडकीबाहेर उभ्या असलेल्या पावाच्या व्हॅनकडे गेली. तिथेच माझी रविवारची सुट्टी गेली.

आणखी एक मोटरसायकल न्यायची आहे, हे मला मागाहून समजलं. आमच्या बेकरीसमोर पडदे शिवायचं दुकान आहे. ते चालवणाऱ्या बाईंना सगळा रस्ता 'पडदेवाल्या बाई' म्हणतो. त्यांचे यजमान गेले तेव्हा लोक म्हणाले, त्यांची मोटरसायकल विकून टाका. बाईंनी ती विकली नाही, शाळेच्या मैदानावर जाऊन चालवायला शिकल्या. आता गिऱ्हाइकाच्या खिडक्या मोजायला त्या तीवरूनच जातात, पाठीवर पडद्याचे रूळ बांधून. लांबून बघणाऱ्याला वाटतं, तोफ निघाली आहे. त्यांनाही मेळाव्याला यायचं होतं. मी हो म्हणालो. रोज पहाटे शेकडो पाव पोचवणाऱ्या माणसाला दोन मोटरसायकली म्हणजे काय मोठंसं, असा माझा समज होता. आता फरक कळला आहे. पाव घसरला तर पावाचं नुकसान होतं. मोटरसायकल घसरली तर जावयाचं होतं.

पहिला प्रयत्न आम्ही फळीवर केला. पावाचे रॅक काढून व्हॅन मोकळी केली, बेकरीतली पीठ मळायची जुनी लांब फळी व्हॅनच्या दाराला टेकवली आणि बंधुराज हँडल धरून निघाले. मी मागून रेटत होतो. आता आत्या, यातली मेख अशी, की फळी एका चाकापुरतीच रुंद होती. मोटरसायकल वर चढत गेली आणि माणूस खाली रस्त्यावरच राहिला. अर्ध्यावर गेल्यावर बंधुराजांचे हात डोक्याच्या वर होते, आणि छपरावरची कौलं धरून लोंबकळावं तसे ते हँडलला लोंबकळत होते. तेवढ्यात फळी वाकली, दारावरून निसटली आणि सगळं ओझं माझ्या दिशेने निघालं. पडदेवाल्या बाई समोरून धावत आल्या.

"ब्रेक धरा, ब्रेक!"

"धरलाय की!" बंधुराज ओरडले.

"अहो, तो क्लच आहे!"

"माझ्या गाडीचं मला सांगू नका!"

ती शेवटची दोन वाक्यं मी बसून ऐकली, कारण तोवर मी खाली होतो. पाठीमागे मैद्याची पोती होती म्हणून पाठ वाचली. एक पोतं फुटलं आणि मी असा पांढरा झालो, की दुकानातून बाहेर आलेल्या तुमच्या भाचीने आधी मला ओळखलंच नाही, आणि ओळखल्यावर "मोटरसायकलला काही लागलं का?" असं विचारलं. (लागलं नव्हतं. मलाही नव्हतं. कोणी विचारलं नाही म्हणून मीच सांगून ठेवतो.)

यानंतर सूत्रं पडदेवाल्या बाईंनी हातात घेतली. फ्रीज आणि कपाटं घरपोच करणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडून त्यांनी दोन रुंद लोखंडी रॅम्प आणवले, एक गाडीसाठी आणि शेजारी एक माणसाला चालायला. मला म्हणाल्या, व्हॅन मागे घेऊन बेकरीच्या ओट्याला लावा, चढ निम्मा होईल. तो झाला. मग रॅम्पचं वरचं टोक व्हॅनला बांधून टाकलं, म्हणजे ते निसटायला नको. ही गोष्ट बंधुराजांना सुचली, आणि ती आपल्याला सुचली हे त्यांनी आम्हाला वरचेवर सांगितलं. बाईंनी आपली गाडी चालू केली, पहिला गिअर टाकला, आणि स्वतः शेजारच्या रॅम्पवरून चालत, क्लच जरा जरा सोडत, बैल गोठ्यात न्यावा तशी अलगद आत नेली. बंधुराजांनी हे नीट पाहिलं, "ही एक पद्धत झाली" असं म्हणाले, आणि मग अगदी त्याच पद्धतीने आपली गाडी आत नेली.

आत दोन्ही गाड्या तोंडं पुढे करून उभ्या केल्या तर हँडलला हँडल अडकलं. एकीचं तोंड पुढे आणि दुसरीचं मागे केलं तरच जागा होत होती. मागे तोंड कोण करणार? आत्या, तुम्ही त्यांना लहानाचं मोठं केलंत, तुम्हाला सांगायला नको. या माणसाने आयुष्यात कधी कोणासाठी खुर्ची सरकवलेली नाही. माझ्या लग्नात फोटोग्राफरने जरा डावीकडे सरका म्हटलं, तर यांनी फोटोग्राफरला उजवीकडे सरकवलं होतं. तर हे आपले बंधुराज खाकरले आणि म्हणाले, "माझी फिरवतो. तुमची असू दे तशीच." मी तुमच्या भाचीकडे पाहिलं. ती माझ्याकडे पाहत होती.

आता बांधण्याचं. मालाच्या गाड्यांवर असतात ना, खटका मागेपुढे करत गेलं की घट्ट होत जाणारे पट्टे, ते आणले होते. हँडलला ओरखडे पडू नयेत म्हणून बाईंनी पडद्याच्या जाड अस्तराचे फासे शिवून दिले होते, पट्ट्याचे आकडे त्यात अडकवायचे. मी आधी डावीकडचा पट्टा जीव खाऊन आवळला, तर गाडी डावीकडे वाकून नमस्कार करायला लागली. दोन्ही बाजू सारख्या ओढायच्या असतात म्हणे. शिवाय गाडीचे पुढचे शॉकअप थोडे दाबून ठेवून मग आवळायचं, म्हणजे खड्ड्यात गाडी उडाली तरी पट्टा सैल पडत नाही. दाबायला वजन हवं, म्हणून बंधुराज गाडीवर स्वार झाले आणि पुढे झुकून बसले. मी पुढचे पट्टे उत्तम आवळले. इतके उत्तम, की मला चेव आला. त्याच भरात मागचा पट्टा मी सीटवरून घेतला. (तो मागच्या सांगाड्याला बांधायचा असतो, सीटवरून घ्यायचा नसतो. हेही मागाहून समजलं.) सीटवर कोण बसलं आहे, ते माझ्या लक्षातून गेलं. बंधुराज तेव्हा पुढे वाकून कोणत्या वाटेने जायचं ते समजावत होते, त्यामुळे त्यांच्याही लक्षात आलं नाही. उठायला गेले तेव्हा आलं.

खटका उघडेना. मी पट्ट्याची इतकी वळकटी करून ठेवली होती, की तो आत चावून बसला होता. मी सोडवायला जावं आणि चुकून आणखी एक खटका घट्ट व्हावा. बंधुराजांचा चेहरा टोमॅटोसारखा झाला. बरोबर त्याच वेळी सकाळचं गिऱ्हाईक पावाला आलं, आणि व्हॅनची दोन्ही दारं उघडी. दुकानात रांग लावायची ती लोकांनी व्हॅनसमोर लावली. तुमच्यापर्यंत बातमी पोचली ती त्यातल्याच कोणाकडून. शेवटी पडदेवाल्या बाई आत आल्या, त्यांनी खटका सपाट होईपर्यंत पार उलटा उघडला आणि पट्टा सुटला. पण सुटल्यावर त्यांना हसू आवरेना. त्या रॅम्पवर बसल्या आणि पदराने डोळे पुसत हसल्या. मी वाट पाहत होतो, की आता बंधुराज भडकणार. आणि आत्या, ते हसायला लागले. आधी नाकातून, मग पोट धरून, मग गाडीच्या टाकीवर डोकं टेकून. सासूबाई गेल्यापासून आम्ही तो आवाज ऐकला नव्हता. तुमची भाची पाव मोजता मोजता थांबली आणि आत निघून गेली. मी विचारलं तर म्हणाली, मैदा गेला डोळ्यात.

प्रवास त्यामानाने सुखाचा झाला. बंधुराजांना मागे गाड्यांजवळ बसायचं होतं, आम्ही बसू दिलं नाही. पुढच्या सीटवर तिघे बसलो, मी, बंधुराज आणि खिडकीशी बाई. पेट्रोलचा वास नको म्हणून खिडक्या उघड्या. गाव सुटल्यावर थोड्या अंतरावर थांबून पट्टे पाहिले, तर दोन सैल झालेले, ते पुन्हा ओढले. डोंगराच्या उतारावर एका वळणाला म्हैस मध्येच उभी. मी ब्रेक दाबला तो अगदी पाय मोडेपर्यंत. मागून आवाज आला, धडाड! बंधुराजांनी डोळे मिटले. मीही मिटले असते, पण चालवत होतो. खाली उतरून दार उघडायला कोणाचा हात होईना. शेवटी बाईंनी उघडलं. दोन्ही गाड्या दगडात कोरल्यासारख्या उभ्या, तसूभरही हललेल्या नाहीत. पडला होता तो पावाचा एक पत्र्याचा ट्रे, मी काढायला विसरलेला. बंधुराजांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "चांगलं बांधलंस." आमच्या लग्नानंतरचं त्यांचं हे पहिलं कौतुक. म्हैस अजून तिथेच उभी होती, तिच्यासमोर मला भरून आलं.

तळ्याकाठी गाड्या उतरवल्या. बाईंची पहिल्या किकला चालू झाली. बंधुराजांची होईना. इतकी वर्षं शेडमध्ये रोज हिची सेवा केलेली, आणि ऐन वेळी ही मख्ख. किक मारून मारून त्यांचा शर्ट भिजला. तळ्याभोवतीच्या फेरीला सगळ्या गाड्या निघाल्या, आवाज दूर जायला लागला, आणि ते नुसते उभे. मला त्यांच्याकडे बघवेना, म्हणून मी रॅम्प पुसायला लागलो. तर पडदेवाल्या बाई फेरीतून वळून परत आल्या. गाडी बंद न करता त्यांनी मागच्या सीटकडे मान केली.

"मला मागे बसता येत नाही," बंधुराज म्हणाले.

"येत नाही की बसला नाहीत?"

ते बसले, आत्या. आधी मागचा दांडा धरून, ताठ. तळ्याच्या पलीकडच्या काठाला गाडी दिसली तेव्हा दांडा सुटलेला होता आणि ते हात हलवून हलवून काहीतरी सांगत होते. मला वाटतं, कुठल्या गिअरमध्ये चालवायचं ते. परत आले तेव्हा केस उभे, चष्मा वाकडा, आणि तोंड त्यांच्या शाळेतल्या फोटोत आहे तसं.

येताना गाड्या एकदाच बांधल्या, आणि नीट बांधल्या. बांधताना बंधुराज माझ्याजवळ येऊन उभे राहिले आणि हळूच म्हणाले, "तुझं काय मत आहे?" मी विचारलं, कशाबद्दल? त्यांनी जवळचा पट्टा उगाच ओढून पाहिला आणि म्हणाले, "पट्ट्यांबद्दल." मी म्हणालो, माझ्या मते पट्टे फार चांगले आहेत, आणि तुम्ही आनंदात असलात तर आम्ही सगळेच आनंदात आहोत. त्यांनी नाक शिंकरलं आणि व्हॅनमध्ये जाऊन बसले.

असा सगळा वृत्तांत. दोन दिवस पावाला पेट्रोलचा वास येत होता, गिऱ्हाइकांनी सांभाळून घेतलं. बाकी विशेष काही नाही. तब्येतीला जपा. कळावे, लोभ आहेच, तो वाढवायला हरकत नसावी.

तुमचा,
बेकरीवाला जावई

ता. क. बाकी विशेष काही नाही, असं वर लिहिलं आहे खरं, पण आहे. बंधुराज आणि पडदेवाल्या बाई लग्न करायचं म्हणतात. तुमच्या भाचीला त्यांनी स्वतः सांगितलं. ती रडली, मग तिने त्यांना मिठी मारली, मग आम्ही सगळ्यांनी केक खाल्ला. आता राहिलात फक्त तुम्ही. ते रोज तुम्हाला फोन करायला बसतात, नंबर फिरवतात आणि 'तिकडे ऊन आहे का' एवढं विचारून ठेवून देतात. तुमच्या होकाराशिवाय ते पुढचं पाऊल टाकणार नाहीत, आणि विचारण्याचा धीर त्यांना या जन्मी व्हायचा नाही. तेव्हा कृपा करून तुम्हीच फोन करा. रागावायचं असेल तर माझ्यावर रागवा, मला सवय आहे. त्यांना मात्र 'हो' म्हणा.

ता. क. २ हे पत्र पाकिटात घालताना बंधुराजांनी पकडलं. वाचून झालं आहे. आता पेन मागत आहेत.

ताई, जावई फार वाढवून लिहितो. वरचं निम्म्याहून जास्त खोटं आहे. पहिला ताजा कलम तेवढा खरा. मी फोनपाशी बसलो आहे.